अथणीकर, तापाचं माझं चुकलंच. तळ्याचं मात्र नाही

नमस्कार. तुम्ही नाव दिलं नाहीत, गाव दिलंत, म्हणून अथणीकरच म्हणतो. शेततळ्यांच्या तोट्यांवर मी लिहिलेल्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बेळगावात बसून नळाचं पाणी पिणाऱ्यांनी शेततळ्याला नावं ठेवू नयेत, तुमची द्राक्षबाग तळ्यावरच तगली, आणि वर मी फौजींच्या फ्लूची भीती घालतोय त्याला पुरावा काय?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी उघडा पडलोय. छावणीजवळ पाणी साचलं की जवानांत तापाची साथ येते, आता शेततळ्यांमुळे गावांवर तीच पाळी, असं मी लिहिलं होतं. माझे मामा फौजेत होते. हिवताप असो, डेंगी असो, फ्लू असो, त्यांच्या तोंडी सगळ्याला एकच शब्द: ताप. तो घरातला शब्द मी तसाच लेखात उचलला. साचलेल्या पाण्यात डास होतात, डासांनी हिवताप होतो. फ्लू डासांनी होत नाही. तो खोकल्याशिंकेतून जातो. मामाच सांगायचे, भरतीनंतर वीस गावची पोरं एका बराकीत, एका खाटेवर खोकला सुरू झाला की तीन-चार दिवसांत अख्खी ओळ आडवी. तळं कोसभर लांब असतं तरी हेच झालं असतं.

१९१८ चंच बघा. मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॅन्सासच्या कॅम्प फन्स्टन या लष्करी तळावर फ्लूची साथ उसळली आणि बराकी, आगगाड्या, जहाजं यांतून पसरली. जूनमध्ये मुंबईत काही पोलीस शिपाई इस्पितळात आले, त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. त्यांची नोंद झाली ती हिवताप नसलेला ताप अशी. म्हणजे तेव्हाच्या डॉक्टरांनीही जो फरक केला, तो मी केला नाही. सप्टेंबरपासूनची दुसरी लाट तर तरण्याताठ्या माणसांना घेऊन गेली. आपलं बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि त्याच वर्षी इलाख्यात पावसाने दगा दिला होता. साचलेल्या पाण्यानं फ्लू येत असता तर त्या कोरड्या साली तो यायलाच नको होता. हे लिहितानाच सुचायला हवं होतं.

रानबदकांच्या पोटात फ्लूचे विषाणू असतात आणि विष्ठेतून पाण्यात उतरतात, एवढा धागा खरा आहे. २००६ साली नवापूरला कोंबड्या माराव्या लागल्या, तो बर्ड फ्लूच होता. म्हणून तळ्यावर बदकं उतरत असतील तर तेच पाणी कोंबड्यांना पाजू नये. त्यापलीकडे तळ्यावर आरोप नको.

आता तळं. ते मागे घेत नाही.

आमच्या मेहुण्याचं हुक्केरीकडे २० मीटर बाय २० चं आहे. शेततळ्यांसाठीच्या कर्नाटक सरकारच्या कृषी भाग्य योजनेमागची कल्पना अशी की शेतातून वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायचं. फेब्रुवारीत गेलो तेव्हा बोअरची दोन इंची पाईप तळ्यात धो-धो पडत होती. तो म्हणाला, "लाईट रात्रीच येते, मग साठवून ठेवतो." त्याचंही बरोबर. पण जमिनीखाली असताना जे पाणी उडत नव्हतं, ते वर आणून उन्हात मांडलं. चारशे चौरस मीटरवरून रोज ७ मिलीमीटर उडालं तर २,८०० लिटर झाले, महिन्याला ८४,००० लिटर. आणि खाली प्लास्टिकचा कागद, म्हणजे परत मुरायची सोय नाही. जुन्या गावतळ्याखालच्या विहिरी भरायच्या. कागदाच्या तळ्याखाली काहीच भरत नाही.

त्याच तळ्यात एक खार पाहिली. पाणी प्यायला उतरलेली, ओल्या कागदावर नखं रुतेनात. चार हात वर यायची, घसरून परत पाण्यात. मेहुण्याने जुनं बारदान टाकलं, तेव्हा वर आली. कोपऱ्यात एक घोरपड मात्र फुगून तरंगत होती. तिच्यासाठी बारदान उशिरा आलं. एक गाठी मारलेला दोर आणि काथ्याची जाळी बांधायला शंभर-दोनशे रुपये लागतात. माणसाचं पोर पडलं तरी तोच दोर कामी येतो.

लहान तळ्यांच्या मिथेनबद्दल लिहिलेलं अनेकांना अतिशयोक्ती वाटलं. २०१६ च्या एका जागतिक अभ्यासात हजार चौरस मीटरपेक्षा लहान तळ्यांचा वाटा तलाव-तळ्यांच्या क्षेत्रफळात ९ टक्क्यांहून कमी, पण पाण्यातून हवेत मिसळत जाणाऱ्या मिथेनमध्ये सुमारे ४० टक्के निघाला. तळाशी पालापाचोळा कुजतो, त्याचा हा वायू. गाळ काढत राहा, एवढंच.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. कागद नको हा माझा लेखातला सल्ला खानापूरच्या भरपूर पावसाचा होता. कोरड्या अथणीत बिनकागदाचं तळं उन्हाळ्याच्या आधीच मुरून जाईल आणि द्राक्षं बघत बसतील. तसं लेखात लिहायला हवं होतं. आज दुरुस्ती टाकली, तापाचं वाक्यही काढलं.

तुमचं तळं ओढ्याच्या पाण्यावर भरतं की बोअरवर, आणि बोअरवर असेल तर दहा वर्षांपूर्वी पाणी किती फुटांवर होतं आणि आता किती, तेवढं मात्र कळवा.