कॅमेऱ्यात न सापडलेला कीमन

दरवर्षी २५ जानेवारीच्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी येते आणि तासाभरात ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जुनाच वाद नव्याने पेटतो. नटाला दिलं, उद्योगपतीला दिलं, मग वांगणीच्या पॉइंट्समनला, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे पॉइंट्स सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, का नाही? १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात अंध आईच्या हातून सुटून एक लहान मूल रुळांवर पडलं. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. मयूर शेळके गाडीच्या दिशेने धावत गेले, मूल फलाटावर ढकललं आणि स्वतः कसेबसे वर आले. रेल्वेने ५० हजारांचं बक्षीस दिलं, त्यातली निम्मी रक्कम त्या मुलासाठी देण्याचं त्यांनी जाहीर केलं. त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळावा असं कुणाला वाटलं तर त्यात चूक काहीच नाही. मागणी रास्त आहे, फक्त दार चुकलंय. आणि रोज पायी फिरून रूळ तपासणारा कीमन तर या वादात येतच नाही.

पद्मचा नियम सरळ आहे. सरकारी नोकर आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी पात्र नाहीत, अपवाद डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा. म्हणजे रेल्वेचे सुमारे १२ लाख कर्मचारी नोकरीत असेपर्यंत यादीबाहेरच. ई. श्रीधरन यांना २००१ मध्ये पद्मश्री आणि २००८ मध्ये पद्मविभूषण मिळालं, पण रेल्वेच्या सेवेतून ते १९९० मध्येच निवृत्त झाले होते. अर्थात तेव्हा ते ज्या दिल्ली मेट्रोचे प्रमुख होते, तीही सरकारच्याच मालकीची. नियम वरच्या मजल्यावर थोडा वाकतो, तळमजल्यावर ताठ राहतो.

खेळाचा रस्ता मात्र मोकळा आहे. कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलं आणि अर्जुन पुरस्कार मिळाला. मिळायलाच हवा होता. पण रेल्वेच्या माणसाला देशाचा सन्मान हवा असेल तर रेल्वेचं काम सोडून दुसरं काहीतरी उत्तम करावं लागतं, असा त्याचा अर्थ निघतो.

मग उरतं काय? १९६१ पासून दिली जाणारी जीवन रक्षा पदकं, सर्वोत्तम, उत्तम आणि साधं अशा तीन पायऱ्यांची. त्यासाठी राज्य सरकार किंवा मंत्रालयाची शिफारस लागते आणि ती वेळेत जावी लागते. गाडं बहुतेकदा इथेच अडतं. पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, वरिष्ठांचा अहवाल हे पहिल्या आठवड्यात गोळा केलं नाही तर साक्षीदार प्रवासी आपापल्या गावी निघून जातात आणि फाईल अर्धवट राहते. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान या पदकांच्या यादीत नेमाने दिसतात, कारण दलात शिफारसीची कागदपत्रं तयार करण्याची सवय आहे. रुळांची देखभाल करणाऱ्या ट्रॅकमनच्या मागे तशी यंत्रणा नाही. रेल्वेचा स्वतःचा अति विशिष्ट रेल सेवा पुरस्कारही आहे, पण तो देशभरातून सुमारे शंभर जणांना मिळतो आणि त्यात अधिकारीही आले.

इथे ब्रिटनमध्ये सन्मानयादी वर्षातून दोनदा निघते, नववर्षाला आणि जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाला. सरकारी नोकर असणं आड येत नाही. कुणीही कुणाचंही नाव सुचवू शकतं. अर्ज ऑनलाइन, सोबत त्या माणसाला ओळखणाऱ्या किमान दोघांची पत्रं, मग वर्ष-दीड वर्ष छाननी. ज्याचं नाव दिलंय त्याला कळू द्यायचं नाही, हा संकेत. सगळ्यात खालची पायरी ब्रिटिश एम्पायर मेडल, २०१२ मध्ये पुन्हा सुरू केलेली. स्थानकावरचा कर्मचारी, गाडीचा चालक अशी माणसं या यादीत येतात, आणि गावाकडच्या चर्चेत हे उदाहरण हमखास फेकलं जातं: बघा, तिकडे कशी कदर आहे.

कदर आहे, पण ती कशाची ते नीट पाहायला हवं. नेमून दिलेलं काम चोख केलं एवढ्यावर इथे भागत नाही, त्यापलीकडे काहीतरी दाखवावं लागतं. म्हणून चालकाला बहुधा निधी गोळा केल्याबद्दल मिळतं, गाडी तीस वर्षं नीट चालवल्याबद्दल नाही. आणि शौर्य म्हणजे एका क्षणाचं शौर्य. जॉन ॲक्सन या इंजिनचालकाला १९५७ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. वाफेचा नळ फुटल्यावर भाजत असतानाही त्याने इंजिन सोडलं नव्हतं.

१ नोव्हेंबर २०२५ चं हंटिंग्डनचं प्रकरण ताजं आहे. डॉनकास्टरहून लंडनला निघालेल्या गाडीत चाकूहल्ला झाला. समीर झिटूनी हा रेल्वे कर्मचारी प्रवाशांना वाचवताना गंभीर जखमी झाला, आणि चालकाने गाडी हंटिंग्डनला थांबवली. दोघांचं कौतुक झालं ते योग्यच. पण त्या गाडीचा तिथे थांबा नव्हता. चालकाने सिग्नलरला, म्हणजे नियंत्रण खोलीतून सिग्नल आणि पॉइंट्स हलवणाऱ्याला, कळवलं आणि गाडी जलद मार्गावरून धीम्या मार्गावर घेण्यात आली, म्हणून ती फलाटाला लागली आणि पोलिसांना आत शिरता आलं. धावती गाडी दुसऱ्या मार्गावर वळवायची तर पुढचा रस्ता रिकामा आहे की नाही, पॉइंट्स वेळेत फिरून लॉक होतात की नाही, हे त्या खोलीतल्या माणसाने काही क्षणांत पाहायचं असतं. त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे? सन्मानाची यादी दोन्ही देशांत कॅमेऱ्याच्या मागोमाग जाते. वांगणीला सीसीटीव्ही होता म्हणून शेळके देशाला दिसले.

आता जिथे कॅमेरा नसतो तिथलं काम पाहा. थंडीच्या पहाटे मनमाड-भुसावळ पट्ट्यात कीमन आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या पट्ट्यावर, निघतो. जाताना एका रुळाच्या कडेने, येताना दुसऱ्या. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत जादा क्लिपा, लाल झेंडे, आणि चाकाखाली वाजून चालकाला इशारा देणारे फटाके. जोडून लांब केलेला रूळ गारठ्यात आकसू पाहतो, पण स्लीपर आणि खडी त्याला धरून ठेवतात, त्यामुळे आत ताण साठतो आणि वेल्ड कच्चं असेल तिथे रूळ तुटतो. ती फट कधी बोटभर असते, कधी केसाएवढी. ती दिसली की दुरुस्तीला हात लावायचा नाही, आधी गाडी थांबवायची. ६०० मीटरवर बॅनर फ्लॅग (रुळांवर आडवं ताणलेलं लाल कापड), १२०० मीटरवर रुळाला तीन फटाके, एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी ते १२०० मीटर ४३ सेकंदांत पार करते, माणसाला खडीवरून तेवढं अंतर कापायला पाव तास लागतो. एकेरी मार्गावर दोन्ही बाजू राखायच्या असतात, तेव्हा आधी कोणत्या बाजूला धावायचं हे गाड्यांच्या वेळा पाठ असल्याशिवाय ठरवता येत नाही. बंदोबस्त झाला की जॉगल फिशप्लेट (तुटल्या जागी बसवायची पोलादी पट्टी) आणि क्लॅम्प लावून सांधा आवळायचा, मग गाड्या हळू सोडायच्या. प्रवाशांना इतकंच कळतं की आज गाडी पंचवीस मिनिटं लेट झाली. कीमनला त्याबद्दल शिव्याच पडतात.

कोकण रेल्वेवर पावसाळ्यात रात्रभर हेच चालतं, तुटलेल्या रुळाऐवजी सुटलेल्या दरडीसाठी. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून माणसं गेली, ते कोकणात कुणी विसरलेलं नाही. इथे १२ ऑगस्ट २०२० रोजी स्कॉटलंडमध्ये कारमाँटला तीन माणसं गेली. मुसळधार पावसात सदोष बांधलेल्या गटारातली खडी रुळांवर वाहून आली होती. गटार नीट बांधणाऱ्याला पदक मिळत नाही, कारण ते नीट बांधलं तर बातमीच होत नाही.

या कामाला पुरावा कुठून आणायचा, असं अधिकारी विचारतात. पुरावा रेल्वेकडेच पडून आहे. रूळ तुटल्याची वेळ कंट्रोलच्या नोंदीत असते, किलोमीटर आणि वेल्डचा तपशील सेक्शन इंजिनिअरच्या रजिस्टरमध्ये, थांबवलेल्या गाडीचा क्रमांक स्टेशन मास्तरच्या डायरीत. तिन्ही जुळवले की कुणी, किती वाजता, कोणती गाडी वाचवली हे मिनिटानिशी सिद्ध होतं. सीसीटीव्हीपेक्षा हा पुरावा पक्का, फक्त तो पाहायला मजा येत नाही.

पदकांच्या गोष्टी करताना एक हिशेब मात्र टाळता येत नाही. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी लासलगावजवळ टॉवर वॅगनखाली (विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्या गाडीखाली) चार ट्रॅकमन गेले. २२ जानेवारी २०२४ रोजी वसईजवळ सिग्नल दुरुस्त करणारे तिघे लोकलखाली आले. ब्रिटनमध्ये जुलै २०१९ ला वेल्समधल्या मार्गमला दोन कामगार गेले, आणि त्यानंतर तिथले रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलने गाड्या चालू असताना केवळ माणसाच्या नजरेवर विसंबून रुळांवर काम करण्याची पद्धत जवळजवळ बंद केली. इथली घ्यायची गोष्ट ही आहे, राजवाड्यातला समारंभ नव्हे. ब्लॉक घेऊनच, म्हणजे गाड्या थांबवूनच, काम आणि प्रत्येक गँगला गाडीची सूचना देणारं यंत्र, हे आधी.

पद्मची अट गट-क, म्हणजे कनिष्ठ श्रेणीतल्या, कर्मचाऱ्यांपुरती सैल करावी, ही मागणी त्याबरोबर लावून धरता येईल. तोवर एक वाट खुली आहे. निवृत्तीनंतर ही बंदी उरत नाही. पद्मसाठी नामांकन राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर कुणीही करू शकतं, मुदत दरवर्षी पोर्टलवर पाहून घ्यावी, मजकूर ८०० शब्दांत बसवायचा. विशेषणं नकोत. बीट कोणतं, वर्षं किती, किती वेळा रूळ तुटलेला सापडला, तारखा, गाड्यांचे क्रमांक, एवढं द्यावं. ओळखीतला एखादा मुकादम किंवा कीमन निवृत्तीला आला असेल तर नोंदींच्या प्रती तो नोकरीत असतानाच काढून ठेवाव्यात, नाहीतर माहिती अधिकारात अर्ज करावा. जुनी रजिस्टरं ठरावीक वर्षांनी रद्दीत जातात.