व्होल्टेज पडलं की गिझर जास्त करंट ओढतो? हिशोब उलटा आहे

थंडी सुरू झाली की हा मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात मजकूर असा: "संध्याकाळी व्होल्टेज 180 वर येतं तेव्हा गिझर लावू नका. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला 8.7 अँपिअर घेतो, पण 180 ला 11.1 घेतो. वायर तापते, बिलही वाढतं. आणि कंपन्या वॅटही खोटे छापतात. 60 वॅटचा बल्ब मल्टिमीटरने मोजा, 800 वॅट निघेल!"

गुणाकार-भागाकार सगळे बरोबर आहेत. म्हणूनच माणूस फसतो.

आधी तो 11.1 अँपिअर बघू. 2000 ला 180 ने भागून तो आलाय, म्हणजे लिहिणाऱ्याने 2000 वॅट कायम धरले. पण काहीही झालं तरी 2000 वॅट ओढीनच, असं व्रत कॉइलने घेतलेलं नाही. गिझरच्या पट्टीवर 2000 वॅटच्या शेजारी 230 व्होल्टही लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. कायम असतो तो कॉइलचा रोध, म्हणजे ती करंटला करते तो अडथळा (रेझिस्टन्स). 230 भागिले 8.7, म्हणजे साधारण 26.4 ओहम. ही तार गार असो की तापलेली, तिचा रोध फारसा हलत नाही. मग 180 व्होल्टला करंट किती? 180 भागिले 26.4, म्हणजे 6.8 अँपिअर. आणि वॅट? 180 गुणिले 6.8, सव्वाबाराशेच्या आसपास. व्होल्टेज पडलं 22 टक्के, वॅट पडले जवळजवळ 39 टक्के, कारण गुणाकारातले दोन्ही आकडे एकदम खाली आले.

आमच्या डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) संध्याकाळी रडगाणं असतंच, म्हणून वायरमनला टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं यंत्र, घेऊन बोलावलं. व्होल्टेज 182, करंट 6.9. (टाँग टेस्टर एकाच वायरीभोवती धरायचा. जाणारी-येणारी दोन्ही एकत्र धरली तर शून्य दाखवतो. पहिल्यांदा मी तेच केलं आणि गिझरच बंद आहे समजून बसलो.)

म्हणजे वायर जास्त तापण्याचा मुद्दाही गेला. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते-घटते. 8.7 चा 6.8 झाला की ती साठ टक्क्यांवर येते.

आता बिल. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला 0.61 युनिट लागतं. 2000 वॅटने ते 18 मिनिटांत होतं, सव्वाबाराशेने अर्ध्या तासात. युनिट जवळजवळ तेवढंच. जास्त वेळ लागल्याने टाकीतून थोडी उष्णता निसटते, तो फरक जेमतेम काही पैशांचा. ज्यांना माझ्यावर विश्वास नाही त्यांनी मीटरसमोर उभं राहावं. मीटरवर एका युनिटला 3200 पल्स लिहिलं असेल, तर घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गिझर लावला की 230 व्होल्टला लाल दिवा मिनिटाला 107 वेळा लुकलुकतो. व्होल्टेज 180 असताना 65 च्या आसपास.

बल्बचा मुद्दा मात्र गमतीचा आहे, कारण मोजणाऱ्याने खरंच मोजलंय. 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब हातात घेऊन मल्टिमीटर लावला तर साधारण 65 ओहम दाखवतो. 230 चा वर्ग भागिले 65, आठशेच्या वर वॅट. चूक एवढीच की बल्ब विझलेला होता. पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचा रोध तेरा-चौदा पट होतो. पेटता बल्ब 0.26 अँपिअर घेतो, म्हणजे रोध 880 ओहमच्या घरात. शाळेत विभवांतर (व्होल्टेज) भागिले धारा (करंट) म्हणजे रोध, असं घोकलेलं असतं. ते दोन्ही आकडे एकाच वेळचे, चालू उपकरणाचे हवेत. तरी ते आठशे वॅट निव्वळ भास नाहीत. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब साडेतीन अँपिअर घेतो, आणि म्हणूनच बल्ब जातो तो बहुतेकदा लावतानाच.

मग कमी व्होल्टेजला करंट वाढतो हे आलं कुठून? विहिरीवरून. मोटरला पाणी उचलायचंच असतं. व्होल्टेज पडलं तरी तिचे फेरे फारसे कमी होत नाहीत, काम जवळपास तेवढंच राहतं, मग ती करंट वाढवून भरपाई करते. 5 एचपीची थ्री फेज मोटर पूर्ण भारावर 415 व्होल्टला साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, 350 ला जवळपास नऊ. एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जरही बहुतेक याच जातीचे, पण त्यांचा करंट इतका किरकोळ की वायरीला पत्ताही लागत नाही. मेसेजवाल्याने मोटरचा नियम उचलून गिझरला लावला.

मोटरच्या बाबतीत मात्र घाबरायलाच हवं. वाढलेल्या करंटवर स्टार्टरमधला रिले पडतो, म्हणजे मोटर बंद करतो; तो पडायलाच बसवलेला असतो. रात्रीच्या लाइटीत सारखं उठून शेतावर जायला नको म्हणून कुणीतरी रिलेचं सेटिंग नऊ-दहा अँपिअरवर नेऊन ठेवतं, आणि महिन्याभरात मोटर वायंडिंगला टाकावी लागते.