पिअर म्हणजे पिंपरी

काल संध्याकाळी माझी फाइल रिव्ह्यूहून परत आली. शेरा तीन शब्दांचा: लिंक चालत नाही. साडेतीनशे पानांचं पंपाचं मॅन्युअल, तीन महिने त्यात डोकं घातलेलं, आणि कौतुक काय तर हे.

लिंक म्हणजे कंट्रोल-के दाबून पत्ता चिकटवणं असं ज्यांना वाटतं, ते सुखी आहेत. सुखीच राहोत. आमच्याकडे एक्सएमएल आहे, म्हणजे मजकूर टॅगमध्ये बसवून लिहायची पद्धत; त्यातही डिटा, म्हणजे मॅन्युअलांसाठीचा तिचा ठरलेला साचा. इथे एक्सरेफ नावाचा टॅग टाकायचा, त्याच्या एचरेफमध्ये पत्ता, मग फॉरमॅट, मग स्कोप.

तेवढ्यात टाकीची किल्ली द्यायला शेजारचे नाना आले. "काय अडलंय?"

"पत्ता चुकलाय," मी म्हणालो. हे मी बोलायला नको होतं.

नाना आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, चौतीस वर्षं सॉर्टर होते. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, नाना लागले पुढच्या वर्षी. लोक अजून पिनकोड लिहीत नाहीत याचा त्यांना अजून राग आहे; लग्नपत्रिका आली की आधी पाकिटावरचे सहा आकडे तपासतात, मुहूर्त नंतर. किल्ली खिशात ठेवून त्यांनी खुर्ची ओढली.

"स्कोप म्हणजे?"

"लिंक आपल्याच मॅन्युअलमध्ये जाते की बाहेर, ते. लोकल, पिअर, एक्स्टर्नल."

"लोकल आणि बाहेरगाव. बरं. मधलं काय?"

"आपलंच, पण या गठ्ठ्यातलं नाही असं दुसरं मॅन्युअल."

"म्हणजे पिंपरी."

या विषयाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग मी घेतलंय, सर्टिफिकेटसकट. त्यात पिअर मला कळलं नव्हतं. काल कळलं.

"आणि ही लाल रेघ?"

"या टॉपिकचा आयडी '३फेज' दिलाय. आकड्याने सुरू होणारं नाव एक्सएमएलला चालत नाही."

"म्हणजे '१२ सदाशिव पेठ' चालणार नाही?"

"नाही."

"'सदाशिव पेठ १२'?"

"मध्ये मोकळी जागा नको."

"मग पोस्टमनने वाचायचं कसं?" नाना खरोखर दुखावले. हा नियम १९९८ पासूनचा आहे, मी केलेला नाही, तरी मीच ओशाळलो.

मग त्यांनी माझा पत्ता वाचायला घेतला. एकेक अक्षर, मोठ्याने, बोट स्क्रीनवर टेकवून. (स्क्रीन परवाच पुसली होती.) "...ही जिलबी (म्हणजे &). मग ए, एम, पी, अर्धविराम. मग परत ए, एम, पी, अर्धविराम. हे एएमपी कोण?"

"नाना, ती जिलबी एक्सएमएलमध्ये नुसती लिहिता येत नाही. मागे एएमपी आणि अर्धविराम लावावाच लागतो."

"दोनदा?"

मी गप्प.

झालं होतं असं, की कोडमध्ये थेट लिहिताना ते एएमपी आपण लावायचं असतं; पण लिंकची खिडकी उघडून पत्ता चिकटवला, तर एडिटर ते गुपचूप स्वतः लावतो. मी खिडकीतही आपलं लावलं, त्याने त्यावर त्याचं लावलं. आणि एवढं करून हिरवी बरोबरची खूण! टॉपिकच्या नावात एक ३ आला तर आकांडतांडव, आणि पत्त्याचा पार विचका झाला तर सगळं आलबेल. नियमाप्रमाणे लिहिलंय एवढंच तो बघतो, पोचतंय का ते नाही. पोचलं नाही की शेरा मात्र माझ्या नावावर. एवढ्या महागड्या लायसन्सचं करायचं काय?

"एका पाकिटाला दोन तिकिटं," नाना उठत म्हणाले. "आमच्याकडे मात्र त्याने पत्र परत यायचं नाही हो."

किल्ली त्यांच्या खिशातच गेली. आज सकाळी ती आणायला खाली उतरलो, तर वॉचमनने गेटवरूनच विचारलं, "साहेब, तुमचं पत्र परत आलं म्हणे?"