डिक्कीत जागा नाही, मॅडम

काल परत तेच. लालबागवरून फोर्टला ऑफिसला जायचं, सकाळी नऊला ॲपवर गाडी बुक केली, गाडी आली, ड्रायव्हरने काच खाली केली, आधी माझ्याकडे बघितलं मग माझ्या व्हीलचेअरकडे, आणि "मॅडम, डिक्की में सीएनजी का टाकी है, चेअर नहीं जाएगा." गेला. दुसऱ्याने तर लांबूनच व्हीलचेअर बघितली असणार, कारण समोरून सरळ निघून गेला आणि मोबाईलवर ट्रिप कॅन्सल. तिसरा बिचारा खाली उतरला, माझ्यासोबत असलेल्या ताईला हातभार लावून खुर्ची मागच्या सीटवर आडवी घालून बघितली, दार लागेना, सीटला ग्रीस लागेल म्हणून त्याचा जीव वरखाली, शेवटी तोही सॉरी म्हणून गेला. जाताना विचारलं, "पेशंट है क्या?" नाही हो भाऊ, पेशंट नाहीये, अकाउंट्सला आहे, मार्च एंडला माझ्याकडून पेशंट झालेली माणसं दाखवते तुम्हाला.

खोटं कशाला बोलू, पहिला ड्रायव्हर खरंच बोलत होता. माझी खुर्ची घडीची आहे, घडी घातली की फूटभर जाड होते पण चाकं तेवढीच मोठी राहतात ना. आणि टाकी असलेल्या डिक्कीत उरते जागा एका ऑफिस बॅगेची, फार तर चपलांच्या पिशवीची. मुंबईच्या टॅक्सी २००० च्या आसपास हायकोर्टाच्या आदेशांनंतर सीएनजीवर आल्या, धूर कमी झाला, चांगलंच झालं, माझा सीएनजीवर राग नाही. पण डिक्की गेली ती गेलीच, आणि ती कोणाची गेली हा प्रश्न तेव्हा कोणाला पडलेला दिसत नाही.

त्यातल्या त्यात काळी-पिवळी बरी, कारण टपावर कॅरिअर. जुन्या पद्मिनीच्या कॅरिअरवर तर लोकांनी गाद्या, ट्रंका, कपाटं, आख्खे संसार नेलेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली होती आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकून हळहळ व्यक्त केली. मी पण टाकला होता, मला आपली कॅरिअरची आठवण जास्त. काल शेवटी एका काळी-पिवळीवाल्या काकांनीच नेलं, पण दोरी नव्हती त्यांच्याकडे, ताईच्या ओढणीने खुर्ची बांधली आणि भायखळ्याच्या पुलावर काका दर दोन मिनिटांनी खिडकीतून हात बाहेर काढून चाक जागेवर आहे का ते चाचपत होते. मीटरपेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही.

आणि नियम नाहीत असं कोणी सांगू नका. टॅक्सीचं भाडं सरकार ठरवतं, १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये. ॲपवाल्यांसाठी केंद्राने २०२५ मध्ये नवीन गाइडलाइन्स काढल्या, सर्ज, म्हणजे गर्दीच्या वेळचं वाढीव भाडं, बेस भाड्याच्या दुपटीपर्यंतच, स्वतःची गाडी असलेल्या ड्रायव्हरला भाड्यातले किमान ८० टक्के, आणि सबळ कारणाशिवाय ट्रिप कॅन्सल केली तर भाड्याच्या १० टक्के दंड, जास्तीत जास्त १०० रुपये. आता मला सांगा, "व्हीलचेअर बसत नाही" हे सबळ कारण आहे की नाही? ते आहे असं धरलं तर मी रस्त्यावर, आणि नाही असं धरलं तर ज्याच्या गाडीत खरंच जागा नाही त्या ड्रायव्हरला दंड. दोन्हीकडून कंपनी मोकळी आणि गाडीला परवाना देणारे पण मोकळे!

म्हणून मी ड्रायव्हरशी भांडणं सोडून दिलंय. तो सीएनजीच्या लाइनीत तासतास उभा राहून आलेला असतो, त्याला पुढचं भाडं दिसत असतं. भांडायचं तर परवान्यावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ७४ खाली टॅक्सीला परवाना देताना अटी घालता येतात, रंग कुठला, मीटर कसा, सगळ्याला अट आहे. मग ॲपच्या ताफ्यातल्या आणि नवीन परवान्यांमधल्या ठराविक गाड्यांमध्ये घडीची व्हीलचेअर राहिलीच पाहिजे, डिक्कीत नाहीतर कॅरिअरवर पट्ट्यासकट, आणि ॲपवर ती गाडी वेगळी निवडता आली पाहिजे, एवढी अट का नाही? हे होऊ शकत नाही हे पण ऐकून घेणार नाही, टाटाने २०२३ मध्येच दोन छोटे सिलिंडर डिक्कीच्या तळाखाली बसवलेली गाडी काढली, वरची जागा मोकळी. लंडनच्या काळ्या टॅक्सीत तर माणूस खुर्चीसकट आत जातो, रॅम्प लावून, आणि तिथे व्हीलचेअरचं जास्त भाडं लावणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याच्या कलम ४१ मध्ये वाहतुकीची सगळी साधनं लिहिलीत. सगळी म्हणजे टॅक्सी पण येते ना त्यात?

खुर्चीचंच घेऊन बसले कारण ते माझं रोजचं. माझी एक मैत्रीण आहे, तिला ऐकू येत नाही. बुक केलं की ड्रायव्हरचा फोन, "कहाँ जाना है, कॅश या ऑनलाइन?" ती फोन उचलत नाही, ट्रिप कॅन्सल. ती मेसेज टाकते, तो मेसेज वाचत नाही. तिच्या डिक्कीचा तर काही प्रॉब्लेम नाही!

आणि ते वेटिंग चार्ज. मला खुर्चीतून सीटवर सरकायला, खुर्चीची घडी घालायला पाच-सात मिनिटं लागतात, तेवढ्यात ॲपचं घड्याळ सुरू. अमेरिकेत याच गोष्टीवरून सरकारने २०२१ मध्ये एका मोठ्या ॲप कंपनीवर केस केली आणि पुढच्या वर्षी कंपनीने वीस लाख डॉलरच्या वर पैसे देऊन ती मिटवली. इथे मी तक्रार टाकली तर उत्तर आलं, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" आणि वीस रुपयांचं कूपन, तेही पुढच्या ट्रिपवर. पुढची ट्रिप मिळाली तर वापरेन.

आज ऑफिसमधून येताना पाच मीटर नायलॉनची दोरी घेतली, खुर्चीच्या मागच्या खिशात ठेवलीय. ताई म्हणाली, माझी ओढणी आधी धुऊन दे.