फॅमिली ग्रुपवरच्या डॉक्टरांसाठी

सकाळी ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड. गरोदर बाईनं कुठलंच इंजेक्शन घेऊ नये, काढा प्यावा, इम्युनिटी वाढते. खाली अंगठे नि हात जोडलेले, रांगच रांग. माझ्या भाचेसुनेला सातवा चालू आहे, तिचा लगेच फोन, मावशी, डॉक्टरांनी फ्लूची लस सांगितलीय, घेऊ की नको? डोकंच फिरलं माझं.

आमच्या आत्याला नागीण झाली तेव्हा हीच मंडळी होती. आत्या सत्तरीपुढची, पाठीपासून छातीपर्यंत एकाच बाजूनं पाण्याच्या फोडांचा पट्टा, पदर घासला तरी कळवळायची. आणि घरात चर्चा कसली, तर नागिणीच्या तोंडाला शेपूट मिळता कामा नये, विळखा पुरा झाला की माणूस जातो म्हणे! गेरूचा लेप लावला, उतरवणारा आणला. अहो, नागिणीचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग, ते सगळे तास गेरूत गेले. फोड वाळले, आग महिनोन् महिने राहिली.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो, आपल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याला दाबून ठेवतात, वय झालं की त्यांचा जोर ओसरतो आणि तो नागीण होऊन वर येतो. या पेशी जिथे तयार होतात ती छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी तर वयात आल्यापासूनच आकसत जाते. कुठला काढा तिला परत वाढवणार आहे? हळदीचं दूध प्या, माझं काही म्हणणं नाही, पण ते औषधाच्या जागी नको.

आणि गरोदर बाई? पोटातलं बाळ अर्धं बापाचं, म्हणजे तिच्या शरीराला अर्धं परकंच, तरी नऊ महिने सांभाळायचं, म्हणून सगळी प्रतिकारयंत्रणाच आपली रीत बदलते. त्यात फ्लू जड जातो. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ईची कावीळ, एरवी माणूस बरा होतो, पण शेवटच्या तीन महिन्यांत बायका दगावतात. २०२१ ला दुसऱ्या लाटेत गरोदर बायकांना कोविडची लसच मिळत नव्हती, परवानगी आली २ जुलैला, तोवर लाट ओसरलेली. आठवलं तरी संताप होतो.

आत्याच्या वेळी घरात सून गरोदर होती. तिच्यावर सावली नको म्हणून तिला खोलीत जाऊ देत नव्हते. बरंच झालं म्हणा, कारण कांजिण्या झालेल्या नसतील तर फोडांच्या पाण्यातून तिला त्या होऊ शकल्या असत्या. पण पोरी, तुला कांजिण्या होऊन गेल्यात का, हे एकानंही विचारलं नाही तिला.

काही लशी गरोदरपणात देत नाहीत हे खरंय, कांजिण्यांची, एमएमआरची म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची. ते डॉक्टरांना कळतं. फ्लूची देतात, कारण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देताच येत नाही, आईच्या अँटीबॉडीज वारेतून त्याच्याकडे जातात तेवढाच त्याला आधार.

भाचेसुनेला सांगितलंय, उद्याच जाऊन घेऊन ये, मी येते सोबत. आणि घरात पन्नाशीपुढचं कुणी असेल तर नागिणीच्या लशीचं डॉक्टरांना विचारा, दोन डोस असतात, महाग आहेत हे मान्य. पण आत्या रात्र रात्र पंख्याखाली उघड्या पाठीनं बसून असायची, ते मी पाहिलंय.