ओढणाऱ्या चाकावर स्प्रे मारू नका, पुष्कळदा तोच ब्रेक चांगला असतो

"ब्रेक मारल्यावर गाडी एका साइडला ओढते? मिस्त्रीचे पैसे वाचवा" असा एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. काल तो आमच्या दाजींनी मला पाठवला आणि खाली विचारलं, "स्प्रे कुठला आणू?" रविवारी ताई आणि पोरांना घेऊन ते गगनबावड्यावरून करूळ घाटाने वैभववाडीला उतरणार आहेत. म्हणून हे लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय.

मेसेजमधले दावे असे. गाडी ओढते म्हणजे अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलं, नाहीतर टायरची हवा. ज्या बाजूला ओढते तिकडचा ब्रेक जास्त धरतो, म्हणून तिथल्या डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीवर) गंज काढायचा स्प्रे किंवा थोडं ग्रीस मारा. एबीएसची गाडी ओढूच शकत नाही. आणि ब्रेक ऑइल सीलबंद असतं, ते बदला म्हणणारा मिस्त्री लुटतोय.

स्प्रेचं आधी घेतो, कारण यात जीव जाईल. ज्या बाजूचा ब्रेक जास्त लागतो तिकडे गाडी वळते, इथपर्यंत ठीक. पण जास्त लागतो म्हणजे तोच बिघडला, हे कुणी ठरवलं? गाडी डावीकडे ओढत असेल तर पुष्कळदा डावा ब्रेक ठणठणीत असतो आणि उजवा कामच करत नसतो. उजव्या कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन गंजून अडकलेला असतो, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम असतात, नाहीतर पॅडवर तेल आलेलं असतं. आपल्याकडच्या पावसात, चिखलात पिनांचे रबरी बूट फाटले की आत पाणी जातं. कोल्हापूरच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचं तर सांगायलाच नको. अशा गाडीच्या डाव्या डिस्कवर स्प्रे मारणं म्हणजे एक डोळा अधू झाला म्हणून दुसरा फोडून घेणं. गाडी कदाचित ओढायची थांबेल, पण पुढचा धरणारा एकमेव ब्रेकही गेलेला असेल. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे येतो, थांबवण्याचं बहुतेक काम पुढची दोन चाकंच करतात. शिवाय पॅडमध्ये मुरलेलं तेल पुसून निघत नाही, पॅड फेकावेच लागतात.

ग्रीस लागतं, हे मान्य करतो. पण ते कॅलिपरच्या पिनांना, तेही उष्णता सोसणारं, ब्रेकसाठीचं. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला कधीच नाही.

आता दुसरी शक्यता. डावंच चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहत असेल, तर गाडी ब्रेक न मारताही डावीकडे जाते, चाक तापतं, जळका वास येतो. ओळखायचं कसं? आठ-दहा किलोमीटर नेहमीसारखी चालवा, थांबा, पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एक चाक गरम आणि दुसरं जवळजवळ थंड असेल तर थंडवाला ब्रेक लागत नाही. एक सोसवणार नाही इतकं तापलं असेल तर ते जाम आहे. जाम चाक मिस्त्रीने जॅकवर उचलून कॅलिपरचं निपल (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सैल करावं. चाक मोकळं झालं तर ऑइलचा दाब मागे अडकतोय, बहुतेक रबरी होज (ऑइलची नळी) आतून फुगलाय. तरीही फिरलं नाही तर पिस्टन किंवा पिना बघा.

हवा तपासा, हे बरोबर, त्याला पाच मिनिटं लागतात. अलाइनमेंटचा दोष मात्र एरवी सरळ चालवतानाही जाणवतो. फक्त ब्रेकवर ओढणारी गाडी अलाइनमेंटला नेऊन पैसे घालवू नका. लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश संपले असले तर ब्रेक मारताच चाकाचा कोन बदलतो आणि गाडी ओढते, एवढं अर्धसत्य त्यात आहे. पण तिथेही आधी बुश बदलायचे, अलाइनमेंट नंतर.

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. अडकलेला पिस्टन ते सोडवत नाही.

ब्रेक ऑइलचा दावा घाटात अंगाशी येईल. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकात, क्रमांक ११६, डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओल शोषल्यावर किमान १५५ अंश मागितलाय. डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. म्हणजे ऑइलमध्ये पाणी मुरणार, हे मानक लिहिणाऱ्यांनीच धरून चाललेलं आहे. घाटात सतत ब्रेक दाबून ते उकळलं की वाफ होते आणि पेडल खाली बसतं. तीच ओल पिस्टनला आतून गंजवते आणि गाडी ओढायला लागते. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, असं अनेक कंपन्या मॅन्युअलमध्येच सांगतात.

दाजींना सांगितलंय, गाडी शनिवारच्या आत उद्यमनगरात मिस्त्रीकडे न्या, दोन्ही पुढची चाकं उघडून घ्या आणि पॅड बदलायचे झाले तर जोडीनेच बदला. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला झिजलेले पॅड बसवले तर गाडी पुन्हा ओढू शकते.