अण्णा आत, मी बाहेर

नवी पेठेतल्या आमच्या कार्यालयात सर्व्हर एकच असून त्यावर सहा जणांचे सहा प्रकल्प नांदतात. वाड्यात सहा बिऱ्हाडे आणि अंगणात एकच नळ असावा, त्यातला हा प्रकार. फरक इतकाच की नळावरची भांडणे निदान कानांवर तरी पडतात. एका चादर कारखान्यासाठी सहकारी अण्णांनी लिहिलेले हजेरीचे अ‍ॅप ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या वाड्यातल्या त्या क्रमांकाच्या बिऱ्हाडात, फार पूर्वीपासून मुक्कामाला असल्यामुळे, त्याच कारखान्यासाठी लिहिलेले माझे ऑर्डरींचे अ‍ॅप मी मुकाट्याने ८०८१ वर थाटले.

मुळात सर्व्हरचा उंबरठा ओलांडण्यातच माझी मे महिन्यातली एक अख्खी दुपार गेली होती. एसएसएच या दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या सोयीची किल्ली योग्य जागी ठेवूनही तो पासवर्डच मागत राहिला. सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाने अखेर लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचून सांगितले की, सर्वांची सोय व्हावी म्हणून मी माझ्या फोल्डरला ७७७ अशी सताड परवानगी दिली होती, आणि ज्याच्या घरात कोणीही शिरून किल्ल्या बदलू शकतो त्याच्या किल्लीवर एसएसएच विश्वास ठेवत नाही. परवानगी ७०० केली आणि दार उघडले. औदार्य हा गुन्हा ठरतो असे ठिकाण मला तोवर ठाऊक नव्हते.

खरा वनवास त्यानंतरचा. आठवड्याभरात कारखान्याच्या दिवाणजींचा फोन आला. “साहेब, निम्मी ऑर्डर लिहून होते न होते, तोवर तुमचं मशीन मला तुम्ही कोण म्हणून विचारतंय. सकाळीच तर सांगितलं होतं की!” माझ्या संगणकावर मात्र सारे सुरळीत चालत होते. मी सेशनची, म्हणजे एकदा पटलेली ओळख टिकण्याची, मुदत तीस मिनिटांवरून आठ तासांवर नेली, सर्व्हरचे घड्याळ तपासले, कारखान्याच्या इंटरनेटवर संशय घेतला आणि शेवटी, सांगायला लाज वाटते, पण दिवाणजींच्या बोटांवरही घेतला.

नाइलाजाने एके दिवशी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाऊन मागांच्या खडखडाटात त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी अर्धी ऑर्डर लिहिली, चहाचा घोट घेतला, कामगारांची हजेरी राहिल्याचे आठवून अण्णांचे अ‍ॅप उघडले, तिथे नाव आणि पासवर्ड घातला, आणि माझ्या अ‍ॅपकडे परतले तर ते बाहेर! पुन्हा माझ्याकडे शिरले, तर अण्णांकडून हकालपट्टी.

लॉगिन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरच्या हाती कुकी नावाचा एक बिल्ला देतो, गड्ड्याच्या यात्रेत चपला ठेवल्यावर मिळावा तसा. हा बिल्ला खिशात ठेवताना ब्राउझर त्याचे नाव, यंत्राचा पत्ता आणि पत्त्यातली पुढची वाट पाहतो; पोर्ट मात्र पाहत नाही. म्हणजे त्याला वाडा कळतो, बिऱ्हाड कळत नाही. आमची दोन्ही अ‍ॅप्स टॉमकॅट या अ‍ॅप चालवणाऱ्या प्रणालीवर आणि दोन्ही थेट पत्त्याच्या मुळाशी, म्हणजे एकाच वाटेवर, बसवलेली असल्यामुळे दोघांच्याही बिल्ल्यावर ‘जेसेशनआयडी’ हे टॉमकॅटचे ठरलेले नाव होते. अण्णांच्या अ‍ॅपपुढे माझा बिल्ला आला की ते ‘हा आमचा नव्हे’ म्हणून स्वतःचा नवा देई, आणि ब्राउझर त्याला जागा करून देण्यासाठी माझा निमूटपणे फेकून देई. कुकी पोर्टनुसार वेगळ्या राहत नाहीत, हे २०११ सालच्या आरएफसी ६२६५ या इंटरनेटच्या नियमपत्रात स्वच्छ लिहिलेले आहे. मला ते लॉगिनचे पान चाळीस वेळा पाहून झाल्यावर सापडले.

उपाय अगदीच किरकोळ निघाला. वेब डॉट एक्सएमएल या अ‍ॅपच्या मांडणीच्या फाइलमध्ये बिल्ल्याचे नाव बदलून मी ते ‘चादर’ असे ठेवले, अ‍ॅप पुन्हा चढवले आणि दोन दिवस दिवाणजींचा फोन आला नाही. त्या आनंदात मी ते चार ओळींचे लिखाण कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले आणि वर लिहिले, “अशी अडचण कोणाला आल्यास खुशाल वापरावे.”

अण्णा शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी त्याच संध्याकाळी ते लिखाण, कानामात्रेचाही फरक न करता, आपल्या अ‍ॅपमध्ये उतरवले.

सोमवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला. “साहेब,” दिवाणजी म्हणाले, “परत विचारतंय बघा.”